पासवर्डची साठवण

संगणकप्रणालीत वापरकर्त्याचा पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्यापासून काढलेला, उलटा न फिरवता येणारा हॅश (ठरावीक गणिती क्रियेतून मिळणारी ठरावीक लांबीची सांकेतिक खूण) ठेवण्याची पद्धत. लॉगिनच्या वेळी टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश पुन्हा काढून तो साठवलेल्या हॅशशी ताडतात. त्यामुळे ‘तुमचा पासवर्ड हा होता’ असा ईमेल पाठवू शकणारी सेवा तो चुकीच्या रीतीने साठवते, हे नक्की समजावे.

१९६०च्या दशकात एमआयटीच्या सामायिक संगणकावर तात्पुरत्या फायलींची सरमिसळ झाली आणि सगळ्यांचे पासवर्ड लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर उमटले. युनिक्स या संगणकप्रणालीतला उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये मांडला : डीईएस या सांकेतिकीकरण-पद्धतीवर आधारलेली क्रिया २५ वेळा करायची आणि तीत १२ बिटांचे सॉल्ट मिसळायचे.

सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळी, यादृच्छिक संख्या. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात आणि नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवलेले तक्ते निरुपयोगी ठरतात. सॉल्ट गुप्त नसते. ते हॅशशेजारीच ठेवतात. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, ते एसएचए-१ या हॅश-पद्धतीने, सॉल्टविना काढलेले होते.

एसएचए-१, एसएचए-२५६ यांचा मुख्य दोष त्यांचा वेग. ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासता येतात. येथे संथपणा हाच गुण. बीक्रिप्ट या मुद्दाम संथ केलेल्या हॅश-पद्धतीत (१९९९) खर्चाचा आकडा १२ ठेवला तर २ चा १२ वा घात, म्हणजे ४,०९६ फेऱ्या होतात. आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट. त्याच्या ६० अक्षरांच्या नोंदीत पद्धतीची खूण, खर्च, २२ अक्षरांचे सॉल्ट आणि ३१ अक्षरांचा हॅश असतो. पासवर्ड-हॅश पद्धतींची २०१५ ची स्पर्धा जिंकलेली आर्गॉन२ ही पद्धत मेमरीही अडवते, त्यामुळे एकाच कार्डावर हजारो अंदाज समांतर चालवणे महाग पडते. नव्या प्रणालीसाठी तिचा ‘आयडी’ प्रकार (आर्गॉन२आयडी) घ्यावा : किमान १९ मेबायबाइट मेमरी, २ फेऱ्या.

बीक्रिप्ट साधारणपणे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी पासवर्ड २४ चिन्हांतच संपतो. ही मर्यादा टाळण्यासाठी आधी एसएचए-२५६ हॅश काढून तो कच्च्या बाइटांत बीक्रिप्टला देणे आणखी धोक्याचे, कारण मध्ये शून्य बाइट आला की काही अंमलबजावण्या तिथेच थांबतात. तो बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-अंकांच्या रूपात, बदलून द्यावा. शिवाय ‘दऱ्या’ मधला ‘ऱ’ एका संकेतांकाने (युनिकोडमधल्या चिन्हाच्या क्रमांकाने) किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दिसायला सारखाच, पण बाइट वेगळे. एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्यावर नाकारला जातो, तो यामुळे. हॅश काढण्यापूर्वी युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणित, एकसारखे रूप करून घेतले की ही अडचण सुटते.

जुन्या हॅशवरून नवे हॅश थेट काढता येत नाहीत, कारण मूळ पासवर्ड कोणाकडेच नसतो. वापरकर्ता पुढच्या वेळी यशस्वी लॉगिन करतो, त्याच क्षणी नवा हॅश काढून जुना पुसतात. वर्षानुवर्षे न आलेल्यांचा जुना हॅशच नव्या पद्धतीत गुंडाळून ठेवतात.