महाराष्ट्र राज्य लॉटरी

महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाच्या अखत्यारीत चालणारी सोडत योजना. स्थापना 12 एप्रिल 1969. कारभार नवी मुंबईत वाशी येथील लॉटरी आयुक्तांच्या कार्यालयातून चालतो.

देशातली पहिली राज्य लॉटरी केरळची. 1967 मध्ये ती निघाली तेव्हा तिकीट एक रुपयाला होते आणि पहिले बक्षीस 50,000 रुपयांचे. महाराष्ट्रापुढे मात्र मटक्याचाही प्रश्न होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. 1960च्या दशकात ते भाव येणे बंद झाले, तेव्हा मडक्यातल्या चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून ‘ओपन’ आणि ‘क्लोज’, म्हणजे पहिला आणि शेवटचा आकडा, ठरू लागले. त्यात बुडालेल्या पैशाची ना दाद ना फिर्याद. लॉटरीने ग्राहकाच्या हाती शासनाची छाप असलेला कागद दिला, आणि हाच दोन्हींमधला खरा फरक आहे.

तिकिटावर मालिकेची अक्षरे, क्रमांक, सोडतीची तारीख आणि बक्षिसांचा तक्ता असतो. सर्वात मोठे बक्षीस मालिकेसह पूर्ण क्रमांकाला, तर लहान बक्षिसे शेवटच्या काही आकड्यांना मिळतात. म्हणून स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर नेहमीचे गिऱ्हाईक क्लिपेला अडकवलेली तिकिटे उलगडून आधी शेवटचे आकडे पाहते. काल लागलेला आकडा आज घ्यावा की टाळावा, यावर तिथे मनापासून चर्चा होते. सोडतीला मात्र कालचे काहीच आठवत नसते.

लॉटरी (नियमन) अधिनियम, 1998 ने सर्व राज्यांना एकच चौकट घातली. एक-आकडी, म्हणजे केवळ एका अंकावर बक्षीस देणाऱ्या, लॉटरीला बंदी आली. सोडत राज्याने स्वतः आणि राज्यातच काढायची, विक्रीचे पैसे शासनाच्या खात्यात भरायचे, असे ठरले. एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत काढता येत नाही. गजलक्ष्मी, सागरलक्ष्मी, पद्मिनी अशा वेगवेगळ्या नावांच्या साप्ताहिक सोडती दिसतात त्या यामुळे. बंपर सोडती वर्षाला जास्तीत जास्त सहा. महाराष्ट्रात त्यांना ‘भव्यतम’ म्हणतात, आणि त्या दिवाळी, गुढीपाडवा, गणेशोत्सव अशा सणांना धरून निघतात.

परराज्यांच्या, विशेषतः संगणकावर निघणाऱ्या लॉटऱ्यांनी पुढे कागदी तिकिटाशी स्पर्धा केली. त्यात कर वाढला: मार्च 2020 पासून सरसकट 28 टक्के जीएसटी, सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. तिकिटामागे मोजके पैसे सुटणाऱ्या विक्रेत्याला हा भार जड आहे, आणि त्याचा विचार धोरणात व्हायला हवा.

बक्षीस 10,000 रुपयांहून मोठे असेल तर 30 टक्के प्राप्तिकर आधीच कापला जातो. मूळ तिकीट हाच हक्काचा पुरावा, म्हणून ते घेताच मागे नाव-पत्ता लिहून सही करावी. मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस शासनाकडे जमा होते.