भरतकाम यंत्र, व्यावसायिक : निगा व देखभाल

कारखान्यात दिवसाचे अनेक तास अखंड चालणाऱ्या, एक वा अनेक हेडांच्या (हेड म्हणजे सुया बसवलेला, टाके घालणारा भाग) संगणकनियंत्रित भरतकाम यंत्राची सफाई, तेलपाणी, जुळवणी आणि झिजलेले भाग बदलणे या कामांचा या संज्ञेत समावेश होतो. घरगुती यंत्राची निगा व हाताने केलेले आरीचे भरतकाम यांचा येथे विचार केलेला नाही.

या यंत्राचा उगम कोठे मानावा याबाबत एकवाक्यता नाही. म्यूलूझ येथील जोझ्वे हाइलमान याने १८२८ च्या सुमारास (काहींच्या मते १८२९ मध्ये) हाताने चालवायचे भरतकाम यंत्र बनवले आणि बहुतेक संदर्भग्रंथ तेथूनच सुरुवात करतात. त्यातील सुईला दोन्ही बाजूंनी टोक व मध्यभागी नेढे असे आणि समोरासमोरचे चिमटे ती कापडातून आरपार देत-घेत. ही हातटाक्याचीच नक्कल होती; खालचा धागा तीत नव्हता. स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये शिवणयंत्राचा दुधागी टाका (वरचा व खालचा धागा एकमेकांत गुंतवणारा) भरतकामात आणला. त्याच्या यंत्रातील धोटा होडीच्या आकाराचा असल्याने त्यास 'शिफ्ली', म्हणजे छोटी होडी, हे नाव पडले. आजच्या अनेकहेडी यंत्रात मात्र धोटाही नाही. तेथे वरच्या धाग्याचा फास पकडून तो खालच्या धाग्याभोवती नेणारा फिरता हुक असतो आणि त्याचे मूळ ॲलन विल्सन याने १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या शिवणयंत्रातील हुकात सापडते. देखभालीपुरते पाहिल्यास ही तिसरी वंशावळ अधिक ग्राह्य वाटते, कारण रोजच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा सुई आणि हुक यांच्या भेटीच्या जागी उद्‌भवतात. शिफ्लीचा वारसा भाषेत मात्र टिकून आहे : नक्षीची संगणकीय फाईल तयार करण्यास कारागीर आजही 'पंचिंग' म्हणतात, ते नक्षीसाठी पट्ट्यांना भोके पाडण्याच्या काळापासून.

एका टाक्यामागे हुक दोन फेरे घेतो. मिनिटाला ८०० टाक्यांच्या वेगाने यंत्र चार तास चालले, तर हुकाचे पावणेचार लाखांहून अधिक फेरे होतात. म्हणून सुमारे दर चार तासांनी हुकाच्या खाचेत, म्हणजे बॉबिन केसचे (खालच्या धाग्याच्या रिळाच्या डबीचे) आसन जेथे घासते तेथे, पांढऱ्या पातळ तेलाचा एकच थेंब सोडण्याचा प्रघात आहे. थेंब अधिक झाल्यास ते तेल धाग्यावाटे कापडावर उतरते; यासाठी तेल दिल्यावर पहिले काही टाके चिंधीवर घालतात. तेल देण्याआधी नीडल प्लेट (सुईखालची भोकाची पट्टी) काढून खालचा कापूस ब्रशने काढावा. हवेच्या फवाऱ्याने तो धागा कापणाऱ्या ट्रिमरच्या पात्यांत आणि खोल आत जाऊन बसतो.

टायमिंगचा, म्हणजे सुई व हुक यांच्या वेळेच्या जुळणीचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. सुई तळबिंदूवरून थोडी वर येताच धाग्याचा फास पडतो आणि त्याच क्षणी हुकाचे टोक सुईच्या मागून गेले पाहिजे. ताजिमा या जपानी कंपनीच्या धर्तीच्या यंत्रांत हा क्षण मुख्य शाफ्टच्या २०० ते २०२ अंशांच्या आसपास धरतात. इतर बनावटींत आकडा वेगळा असल्याने त्या त्या यंत्राची पुस्तिकाच प्रमाण मानावी. टोक व सुई यांत ०.१ ते ०.३ मिलिमीटर अंतर असावे. ते वाढल्यास टाका सुटतो, नाहीसे झाल्यास सुई घासून तुटते. सुई बदलूनही टाका सुटत राहिला, तरच टायमिंगला हात लावावा. नवशिके नेमके उलट करतात.

ताण तपासण्याची कसोटी कापडाच्या उलट बाजूस मिळते. भरीव पट्टीच्या पाठीवर बॉबिनचा पांढरा धागा मधल्या एक-तृतीयांश रुंदीत दिसावा. पांढरा पट्टा फार रुंद झाला तर वरचा ताण जास्त किंवा बॉबिनचा कमी. पांढरे मुळीच दिसले नाही तर उलट. बॉबिन धाग्याचा ताण साधारण १८ ते २५ ग्रॅम ठेवतात. मापक नसल्यास धागा धरून बॉबिन केस लोंबती सोडतात : हलका झटका दिल्यावर ती थोडी खाली सरकून थांबली की ताण बरोबर. स्क्रू फिरवण्याआधी केसच्या पत्तीखालून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फिरवून घ्यावा. पुष्कळदा तेथून मेणकट कापसाचा बारीक लोळ निघतो आणि ताण आपोआप पूर्ववत होतो.

सुईचे टोक नखावरून ओढून पाहतात. खरखर लागली की ती बदलतात. पँटोग्राफच्या (कापडाची चौकट सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) रुळांना ग्रीस आणि पट्ट्यांचा ताण ही ठराविक मुदतीची कामे होत. पावसाळ्यात कोकणपट्टीसारख्या दमट भागात बंद ठेवलेल्या यंत्राचा हुक गंजतो, तसेच ओल्या व्हिस्कोस धाग्याची ताकद घटते. विद्युत भागाबाबत अर्थिंग व स्थिर दाब यांपलीकडे कारखान्यातील कारागिराच्या हाती फारसे नसते.

बिघाडाची जागा ओळखण्याची एक रीत मेकॅनिकांत रूढ आहे. एकाच हेडवर धागा वारंवार तुटत असेल, तर त्या हेडची सुई, ताण व हुक तपासावेत. सर्व हेडांवर नक्षीच्या एकाच जागी तो तुटत असेल, तर दोष बहुधा पंचिंगमध्ये असतो : तेथे टाके गरजेपेक्षा दाट पडलेले असतात आणि कितीही तेल घातले तरी धागा तुटायचा थांबत नाही.