इस्रोतल्या बायका मोठ्या पदांवर पोचल्या त्याची पार्श्वभूमी

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी सहा वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी टीव्हीपुढे निम्मी गल्ली जमली होती. चांद्रयान-३ उतरलं, टाळ्या झाल्या, आणि थोड्या वेळाने कल्पना कालहस्ती माइकसमोर आल्या. प्रकल्पाच्या सहयोगी संचालक. भाचीने विचारलं, "मावशी, या अचानक कुठून आल्या गं?"

अचानक नाही आल्या.

इस्रोची स्थापना १९६९ ची. प्रकल्प संचालक स्त्री असलेला पहिला उपग्रह उडाला २०११ मध्ये: जीसॅट-१२, संचालक टी. के. अनुराधा. मध्ये बेचाळीस वर्षं. आकडा ऐकून मला आजही वाईट वाटतं. पण जरा खोलात गेलं की दिसतं, अनुराधा इस्रोत आल्या १९८२ ला. रिसॅट-१ (२०१२) च्या एन. वलरमथी १९८४ ला, आदित्य-एल१ (२०२३) च्या निगार शाजी १९८७ ला. तिघींपैकी कुणाचाच उपग्रह नोकरीची अठ्ठावीस वर्षं व्हायच्या आत उडालेला नाही.

कारण प्रकल्प संचालक हे मिरवायचं पद नव्हे. वीज, इंधन, दळणवळण, उष्णतेपासून बचाव, प्रत्येक गटाचं काम एकमेकांत बसवायचं. वजन आणि तारीख दोन्ही सांभाळायची. चाचणीत काही अडलं तर थांबायचं की पुढे जायचं, तेही ठरवायचं. पीएसएलव्ही या रॉकेटने जीसॅट-१२ ला लंबगोल कक्षेत सोडलं. तिथून इंजिन पुन्हापुन्हा पेटवून त्याला ३६ हजार किलोमीटरवर न्यायचं होतं. हासनच्या नियंत्रण केंद्रात त्या कामाची धुरा अनुराधा, प्रमोदा हेगडे आणि अनुराधा प्रकाशम या तिघींवर होती. माझ्या मते खरं वळण हेच. चांद्रयान-२ च्या वेळी, २०१९ ला, प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल, दोन्ही बायकाच.

पण नोकरीच्या तारखेआधी शाळेची तारीख असते, हे आम्हा बडोदेकरांना सांगावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ ला अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात नेलं, मुलींसकट. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. आमच्याकडे भाडेपावत्यांचं एक जुनं पुस्तक आहे; त्यात पणजीची सही आहे, मोडी वळणाची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. तिच्या आईला अंगठाच उठवावा लागे. याच गावच्या हंसा मेहतांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असा बदल करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी त्या इथल्या नव्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

बाहेरही चित्र फार वेगळं नाही. नॅन्सी ग्रेस रोमन यांनी नासाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या खगोलशास्त्राच्या कामाचं नेतृत्व केलं, पण नासाच्या प्रमुखपदी स्त्री बसली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये, जॅनेट पेट्रो, तीही हंगामी. कॅनडाच्या अवकाश संस्थेत लिसा कॅम्पबेल २०२० ला अध्यक्ष झाल्या.

इस्रोच्या अध्यक्षपदी मात्र आजवर एकही स्त्री आलेली नाही. भाचीला त्या रात्री मी हेही सांगितलं. ती म्हणाली, "रितू करिधाल कधी लागल्या?" १९९७ ला. मग ती बोटांवर वर्षं मोजत बसली.