तलावपाळीला भरती का येत नाही?

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: चंद्र अख्खा समुद्र वर खेचतो, माणसाच्या शरीरात तर 70 टक्के पाणी, मग मनाला भरती येणारच! यंदा तो आला तेव्हा मी ठाण्यात, तलावपाळीवर शेंगदाणे खात बसलो होतो. समोर मासुंदा तलाव ढिम्म. रिक्षाने थोड्याच अंतरावर ठाण्याची खाडी मात्र काठोकाठ. चंद्र तोच, पाणीही पाणीच.

‘वर खेचतो’ इथेच घोटाळा आहे. भरती आणणारा चंद्राचा जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीवा भाग. त्याने थेंबही उचलला जात नाही. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे.

विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. पुढे लेझीमवाले, मध्ये गणपतीचा ट्रक, मागे रेंगाळणारी मंडळी. सगळे एकाच दिशेने चाललेत, पण पुढचे जरा जोरात, मागचे जरा हळू. ट्रकवर बसलेल्याला वाटतं, दोन्ही टोकं आपल्यापासून लांब चाललीत. पृथ्वीचं असंच होतं. चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा सुमारे 6,400 किलोमीटर जवळ, म्हणून त्याला साधारण तीन टक्के जास्त ओढ. पलीकडच्या पाण्याला तेवढीच कमी. म्हणून फुगवटे दोन, आणि भरत्याही दिवसातून दोन, सुमारे 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने. फुगवटा म्हणजे पाणी उचललं जाणं नव्हे. हजारो किलोमीटरवरून ते आडवं सरकत येऊन साचतं. प्रत्यक्षात खंड आडवे येतात, समुद्राची खोली बदलते, त्यामुळे चित्र बरंच गुंतागुंतीचं होतं.

आता थोडं गणित. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण ओढीतला फरक घनाने. म्हणून सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळजवळ 180 पट असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असले की भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती.

तलावाला हा फरक मिळणार कुठून? त्याची दोन्ही टोकं चंद्रापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. माणूस तर जेमतेम पावणेदोन मीटरचा! पौर्णिमेला कुणाचं डोकं फिरत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. चंद्राला त्यात गोवू नका, आणि त्यावर उपाय म्हणून खडे विकणाऱ्यांना पैसे तर अजिबात देऊ नका.

कोकण किनाऱ्यावर मात्र चंद्राचा खरा उपयोग करतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ, पण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो तेच त्यात बसवलंय. खाडीत आत ठाण्याकडे पाणी पोचायला आणखी थोडा वेळ जातो. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो चरताना पाहायचे असतील तर या वेळेत आणखी काही तास मिळवा. पाणी उतरून चिखल उघडा पडला, की ते त्यावर पसरतात.