होल्कमच्या वाळूला गहू कसा मानवला?

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातली होल्कम हॉल ही हवेली पाहायला जाणारे लोक तळं, हरणं आणि सदाहरित ओकची झाडं बघून परततात. 18व्या शतकात विल्यम केंटसारख्या रचनाकारांनी आखलेला हा परिसर देखणा आहेच. मला मात्र तिथली माती जास्त रंजक वाटते.

ही जमीन मूळची हलकी, वालुकामय. पावसाने वरच्या थरातला चुना झिरपून गेलेला, त्यामुळे सामू (pH) उतरलेला. अशा आम्ल मातीत क्लोव्हर हे शेंगवर्गीय चारापीक तग धरत नाही आणि सलगमाच्या मुळांना गाठींचा रोग लागतो. पण याच जमिनीच्या पोटात चुनखडीयुक्त चिकणमाती होती. तिला तिथे मार्ल म्हणतात. ती खणायची, गाड्यांनी वाहून शेतात पसरायची. चुन्याने आम्लता कमी होई आणि चिकणमातीमुळे वाळूत ओल टिके.

त्यावर फेरपालट चाले: गहू, सलगम, जव, क्लोव्हर. हिवाळ्यात सलगमाच्या उभ्या पिकात मेंढ्या बसवत. लेंडीखत मिळेच, शिवाय खुरांनी भुसभुशीत माती दबे. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडत, तो पुढच्या गव्हाच्या कामी येई. आपल्याकडे हरभऱ्याचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला मानतात, तो याचसाठी.

या साऱ्याचं श्रेय 1776 मध्ये इस्टेटीचे मालक झालेल्या थॉमस विल्यम कोक यांना सर्रास दिलं जातं. ते जरा जास्तच आहे. मार्ल आणि सलगम नॉरफोकमध्ये त्यांच्या आधीपासून होते. त्यांची खरी करामत कागदावरची: कुळांना 21-21 वर्षांचे करार. मार्लचा खर्च एकदम करावा लागतो, फायदा मात्र सावकाश मिळतो. उद्या जमीन काढून घेतली जाईल या धास्तीत कोण गाड्या जुंपणार? वास्तुविशारद सॅम्युएल वायटने बांधलेल्या मोठ्या कोठारात 1821 पर्यंत मेंढ्यांच्या कातरणीचे मेळावे भरत. तिथे दूरदूरचे शेतकरी नवी अवजारं आणि जनावरं पाहायला येत.

क्लोव्हर नेमकं काय करतं, हे कोक यांना कधीच कळलं नाही. ते 1842 मध्ये वारले; हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी गाठींचं काम सिद्ध केलं 1880च्या दशकात. नॉरफोकच्या शेतांत मधेच खोलगट जागी झाडांचे पुंजके दिसतात. त्यांतले कित्येक म्हणजे मार्लच्या जुन्या खाणी. उतारामुळे तिथे नांगर चालत नाही, म्हणून झाडं लावली किंवा आपसूक वाढू दिली.