पगाराचा तास आणि बिलाचा तास

प्लंबर येतो, बाथरूममधला गळका अँगल कॉक बदलतो आणि अर्ध्या तासात चारशे रुपये घेऊन जातो. तो जिना उतरायच्या आत घरात हिशेब सुरू होतो. अर्ध्या तासाला चारशे म्हणजे तासाला आठशे, आठ तासांचे चौसष्टशे, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दीड लाखाच्या वर. मग "आपण उगाच शिकलो" हे वाक्य ठरलेलं. हा हिशेब करणारी माणसं वाईट नसतात. गुणाकारही बरोबर असतो, फक्त ज्याला गुणलं तो आकडाच चुकीचा असतो. कारागिराच्या बिलातला तास आणि नोकरदाराच्या पगारातला तास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होते, आणि तिचा फटका बहुतेक वेळा कारागिरालाच बसतो.

पगाराचा तास म्हणजे माणसाच्या वेळेचा मोबदला. ऑफिस भाड्याचं असलं तर भाडं कंपनी भरते, लॅपटॉप कंपनीचा, काम शोधून आणायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची. दुपारी नेटवर्क बंद पडलं तरी पगार चालू असतो. भविष्य निर्वाह निधीत मालक आपले १२ टक्के भरतो, पाच वर्षं झाली की दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी लागू होते, शिवाय हक्काची रजा असते. यातलं काहीच आपण "तासाला किती" या आकड्यात धरत नाही.

बिलाचा तास म्हणजे एका छोट्या धंद्याची विक्री. त्या चारशे रुपयांत दुचाकीचं पेट्रोल आणि हप्ता आहे, पाइप पाना आहे, ड्रिल मशीन आणि त्याची झिजणारी बिटं आहेत, मोबाइलचं रिचार्ज आहे. "उद्या या, आज साहेब घरी नाहीत" म्हणून फुकट गेलेली फेरीही त्यातच आहे. या सगळ्यातून जे उरतं ती त्याची मजुरी.

समजण्यापुरते आकडे धरून बघू. प्लंबर सकाळी नऊला बाहेर पडतो, संध्याकाळी सातला घरी येतो. या दहा तासांत त्याची चार कामं होतात, प्रत्येकी अर्ध्या तासाची आणि चारशे रुपयांची. हातात आले सोळाशे. पेट्रोल, गाडी, हत्यारं, फोन मिळून तीनशे गेले. तेराशे उरले, भागिले दहा, म्हणजे तासाला एकशेतीस. ग्राहकाच्या हिशेबात आठशे, त्याच्या स्वतःच्या हिशेबात एकशेतीस. माणूस तोच, दिवसही तोच. असे बावीस दिवस भरले तर महिन्याला अठ्ठावीस हजार सहाशे होतात. आजारपण, म्हातारपण, मुलांच्या फिया हे सगळं त्यातूनच.

"मग चारच कामं का? आठ करावीत की," असं कुणी म्हणेल. त्यासाठी एकदा काम जवळून बघावं. अँगल कॉक बदलायचा तर आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. जुन्या इमारतीत तो नीट बंद होतच नाही, पाणी झिरपत राहतं. पाइप जुना लोखंडी असेल तर कॉक फिरवताना आतला गंजलेला तुकडा भिंतीतच तुटून राहतो. मग तो आटे न बिघडवता काढायचा, नाहीतर टाइल फोडायची. नव्या कॉकच्या आट्यांवर थ्रेड टेप गुंडाळतात ती आट्यांच्या दिशेनेच, उलटी गुंडाळली तर कॉक आवळताना सुटून येते. कॉकचं तोंड हव्या त्या दिशेला यावं म्हणून शेवटचा पाव फेरा किती द्यायचा हे हाताला कळावं लागतं. जास्त दिला तर भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा तुकडा, तडकतो. मग पाणी सोडायचं, सांधा फडक्याने कोरडा पुसायचा, थोडं थांबायचं आणि बोट फिरवून ओल बघायची. अर्ध्या तासात हे सगळं आटपतं कारण त्याने ते शेकडो वेळा केलंय. हात बसल्यामुळे काम लवकर झालं म्हणून पैसे कमी द्यायचे, तर रेंगाळणाऱ्याला जास्त द्यावे लागतील.

खरं तर आपल्याकडे प्लंबर किंवा वायरमन तासावर भाव सांगत नाहीत. वायरिंगचा दर पॉइंटवर, फरशीचा चौरस फुटावर, फर्निचरचं उक्तं ठरतं, गवंड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, असते. तासावर चालतो तो जेसीबी. आणि जेसीबीच्या बाबतीत ही गल्लत कुणीच करत नाही. शेतात बांध घालायला किंवा विहिरीचा गाळ काढायला मशीन बोलावलं की तासाचा जो भाव ठरतो, तो ड्रायव्हरच्या खिशात जातो असं कुठल्याही शेतकऱ्याला वाटत नाही. डिझेल, बँकेचा हप्ता, टायर, ड्रायव्हरचा पगार, पावसाळ्यात मशीन उभं राहणं हे सगळं त्या तासात आलं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पिशवी खांद्याला लावून आलेल्या माणसाचं यंत्र डोळ्यांत भरत नाही, एवढाच फरक.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना तर हे नव्याने सांगायलाच नको. कंपनी क्लायंटला इंजिनिअरचा तास ज्या भावाने लावते आणि त्या इंजिनिअरला जे मिळतं, त्यातलं अंतर त्यांना माहीत असतं. सरकारही हेच मानतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दर विश्लेषणात मजुरी, साहित्य, यंत्रं यांची बेरीज करून त्यावर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के चढवतात. दोन-पाच कोटींच्या कामात जे रीतसर मान्य आहे, ते चारशेच्या कामात लूट कसं ठरतं?

म्हणून दर वाजवी आहे का, हे तपासायचे मापही दोन आहेत. मजुरीचं माप कुटुंबाच्या गरजेवरून निघतं. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी कमावत्या माणसाच्या कुटुंबाचे तीन खाणारे धरले, माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडायला सांगितलं. कामाच्या भावाचं माप वेगळं: खर्च किती, रिकामा वेळ किती, जोखीम कुणाची, काम बिघडलं तर परत कोण येणार. प्लंबरच्या भावाला मजुरीचं माप लावलं की तो महागच वाटणार.

आता याचा अर्थ कारागीर सांगेल तो आकडा रास्त, असा मुळीच नाही. माझ्या मते येण्याचे पैसे पूर्णपणे वाजवी आहेत, काम न होता परत जावं लागलं तरीही. स्वतःच्या कामातला दोष काढायला आल्यावर पुन्हा पैसे मागणं वाजवी नाही. रात्री-अपरात्रीचा जादा भाव वाजवी, पण तो फोनवरच सांगायला हवा. घरात पाणी साचल्यावर नव्हे. सगळ्यात मोठी खोट असते ती सामानात. आपण मजुरीत पन्नास रुपये पाडले म्हणून खूश होतो आणि तेवढेच किंवा त्याहून जास्त पाइप, वायर, रंग यांच्या बिलातून वसूल होतात. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी कूपन असतं, हार्डवेअरवाला कमिशन देतो, हे त्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. त्याहून वाईट म्हणजे कमिशन जास्त मिळतं म्हणून भिंतीच्या आत हलका माल जातो. मजुरी उघडपणे पुरेशी द्यावी, सामान स्वतः दुकानात जाऊन पक्क्या बिलावर घ्यावं. येण्याचे किती, कामाचे किती आणि काम वाढलं तर किती, हे तीन प्रश्न आधी विचारले की बहुतेक भांडणं टळतात.

दुसऱ्या बाजूची गल्लत मात्र जास्त बोचते. सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी आणि मिस्त्री हजेरीवर जातात. त्यांची दिवसाची हजेरी ऐकली की लोक लगेच सव्वीसने गुणतात. किमान वेतनातला महिना सव्वीस दिवसांचा धरलेला असतो, कारण महिनाभर काम गृहीत असतं आणि साप्ताहिक सुट्टी त्यात मिळवलेली असते. नाक्यावरचा महिना तसा नसतो. पावसाळ्यात महिनाभरात जेमतेम निम्मे दिवस भरले तरी बरं म्हणायची पाळी येते. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यात नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याची अट घातली होती. म्हणजे या धंद्यात वर्षभर काम मिळत नाही हे कायद्यानेच धरून चाललंय.

गंमत अशी की हा मजूरही धंदेवाल्यासारखी सगळी जोखीम अंगावर घेतो, पण भाव मात्र त्याला नुसत्या मजुरीचा मिळतो. घमेलं-फावडं कधी त्याचं स्वतःचं, जाण्यायेण्याचा खर्च त्याचा, रिकामा दिवसही त्याचाच. दहा वाजेपर्यंत कुणी नेलं नाही तर तो तसाच घरी परततो. साडेदहाला येऊन "आता अर्धा दिवस गेला, अर्धी हजेरी देतो" म्हणणारे असतात आणि काम पुरं सांगतात. त्याची हजेरी ठरवताना सव्वीसने गुणू नये. त्याचे महिन्यात खरोखर किती दिवस भरतात हे त्यालाच विचारावं आणि त्या दिवसांत अख्खा महिना निभावेल असा आकडा धरावा. तो आकडा आज आपण देतो त्यापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्तच निघेल.