हिशेबाबाहेरचे कर्तव्य

व्यवसायात आधी कर्तव्य आणि मग परिणाम, ही शिकवण सहसा जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या खात्यावर मांडली जाते. पण व्यापाराला ती आधी न्यायालयाने शिकवली, आणि तेव्हा कांट जेमतेम दोन वर्षांचा होता.

१७२६ सालचा इंग्लंडमधला कीच विरुद्ध सँडफर्ड हा खटला. रमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आल्यावर त्याने मुलाच्या नावे नूतनीकरण मागितले. अज्ञानाकडून थकबाकी वसूल कशी करणार, म्हणून मालकाने नकार दिला. मग विश्वस्ताने पट्टा स्वतःच्या नावावर करून घेतला. मुलाचे नुकसान काय झाले? काहीच नाही, त्याला तो मिळणारच नव्हता. तरीही लॉर्ड चान्सलर किंग यांनी पट्टा आणि नफा दोन्ही मुलाला द्यायला लावले. जगातला दुसरा कोणीही तो घेऊ शकतो, विश्वस्त मात्र नाही, असा निकाल. गंमत अशी, की या कडक नियमाचे समर्थन त्यांनी परिणामांवरूनच केले: अशी सूट दिली तर विश्वस्त काय करतील हे उघड आहे! माझ्या मते कर्तव्य आणि परिणाम यांची फारकत पुस्तकात जितकी स्वच्छ दिसते, तितकी ती व्यवहारात कधीच नव्हती.

कांटने मात्र ती फारकत केली. १७८५च्या ग्रंथात त्याने एक दुकानदार उभा केला. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, लहान मुलाकडूनही तोच भाव घेतो. पण धंदा चालावा म्हणून असे वागत असेल, तर त्याचे वागणे कर्तव्याला धरून असले तरी त्याला नैतिक मोल नाही. ‘सचोटी फायद्याची असते’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कंपन्यांना हे आजही झोंबावे.

दरम्यान डॉक्टरांनी आपली कर्तव्ये लिहून काढली होती: इंग्लिश डॉक्टर थॉमस पर्सिव्हलची संहिता १८०३ची, अमेरिकी वैद्यक संघटनेची १८४७ची. उद्योगांत मात्र हा विचार खऱ्या अर्थाने पेटला तो फोर्डच्या १९७३च्या एका टिपणामुळे. गाडी उलटल्यावर होणारी इंधनगळती रोखायला खर्च गाडीमागे ११ डॉलर, एकूण १३.७ कोटी डॉलर; वाचणारे १८० जीव, प्रत्येकी २ लाख डॉलर धरून आणि जखमी व जळालेल्या गाड्या मिळवून फायदा मात्र ४.९५ कोटी डॉलर. हे टिपण फोर्डच्याच पिंटो गाडीला मागून बसणाऱ्या धडकेबद्दल होते असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ते सरकारी नियामकासाठी होते आणि जिवाची किंमतही नियामकाच्याच आकड्यांतली होती. तरी माणसाच्या आयुष्याला बेरजेत बसवलेले पाहून लोक हादरले, आणि परिणामांच्या हिशेबावरचा कांटचा जुना आक्षेप अचानक सर्वांना समजू लागला.

पुढचा प्रश्न अवघड होता: दोन कर्तव्ये भिडली तर? मालकाशी निष्ठा की लोकांची सुरक्षा? जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, त्याचे रॉकेट बनवणाऱ्या थायकॉल कंपनीचे अभियंते थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या दगा देतील असे सांगत होते. त्यांच्या प्रमुखाला मात्र अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगण्यात आले. उड्डाण झाले आणि यानातले सातही जण गेले. अभियंत्यांच्या संहितांमध्ये लोकांची सुरक्षा सर्वोच्च हे तोवर लिहिलेले होतेच. लेखापालांकडे अशिलाच्या गुप्ततेचे कर्तव्य मात्र बराच काळ वरचढ राहिले. बेकायदा व्यवहार आढळल्यास ते बाजूला ठेवून संबंधित यंत्रणेला कळवण्याची मुभा त्यांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत जुलै २०१७पासून लागू झाली.